पणजोबांची नळी

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे एक पाट जास्त मांडतात. त्याच्याभोवती रांगोळी काढायची, शेजारी उटण्याची वाटी आणि एक कारीट ठेवायचे, आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की तो पाट कोरडाच उचलून भिंतीशी उभा करायचा. हा पाट कोणाचा, असे मी लहानपणी विचारी तेव्हा आमची आत्या एवढेच म्हणे, "त्येंचा." हा शब्द तिचाही नव्हे. तो तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या पणजीचा. पणजीने नवऱ्याचे नाव जन्मात कधी घेतले नाही. आणि नवरा आगबोटीवर गेला तो परत आला नाही.

पणजी १९५१ साली गेली. तोवर तिच्या कपाळावर कुंकू होते. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवीत, पण बोलावताना त्यांच्या मनात चलबिचल असे. सवाष्ण म्हणून ओटी भरावी तर नवऱ्याचा पत्ता नाही. विधवा म्हणावे तर मृत्यूची खबर कोणी आणलेली नाही. बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा शास्त्रातला मार्ग आहे. तो भटजींनी दोनदा सुचवला आणि दोन्ही वेळा पणजीने त्यांना शिधा देऊन वाटेला लावले. यातून आणखी एक गोष्ट घडली. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. पण माणूस गेला हेच जिथे मान्य नाही तिथे नाव कसे ठेवणार? माझ्या वडिलांना ते ठेवले नाही, चुलत्यांना ठेवले नाही. आजोबांच्या नावापुढे बापाचे नाव म्हणून ते लागे, तेवढेच.

गावात त्यांच्याविषयी दोन मते होती. समुद्राने खाल्ला, हे एक. विलायतेत गोरी मडम करून राहिला, हे दुसरे. दुसरे मत अर्थातच अधिक लोकप्रिय होते.

आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. ते आज शिवाजीसागराच्या पाण्याखाली आहे. धरण झाले तेव्हा भावकीची पांगापांग झाली. कोणी घाट उतरून कोकणात गेले, कोणी सातारकडे राहिले आणि आमच्या थोरल्या घराला सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली. गेल्या वर्षी त्या घराचे कौलारू छप्पर उतरवून स्लॅब टाकायचे ठरले. सामान हलवताना आत्याच्या ट्रंकेच्या तळाशी पत्र्याची एक नळी निघाली. लांबी वीतभर, एका टोकाला टोपण, आणि गंजाने ते टोपण अंगाला धरलेले. आत्याला नळी ठाऊक होती.

"आजीची नळी हाय ती," ती म्हणाली. "आत काय हाय ते कुणी बघितलं न्हाई. ती म्हनायची, त्येंचं हाय, त्ये आल्यावर उघडतील."

आत्याला आता अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी झाली आहेत. ती थोडा वेळ नळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उघड गुरुजी." मी शाळामास्तर झाल्यापासून ती मला गुरुजीच म्हणते.

आत गुंडाळी केलेला एक छापील इंग्रजी कागद होता आणि दोऱ्याने बांधलेली मनीऑर्डरची अकरा कुपने होती. कागदाचा निम्मा भाग कसरीने खाल्लेला. उरलेल्या भागात शाईने भरलेले रकाने, १९११ हे साल, बोटीच्या नावाची शेवटची दोन-तीन अक्षरे, आणि खाली दोन गोल शिक्के.

नळी हा शब्द येथे नुसता पत्र्याच्या डबीचा नाही, हे मला पुढे कळले. जहाजावरच्या नोकरीत प्रत्येक सफर संपली की खलाशाला सुटीचा दाखला मिळे. कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, कधी चढला, कधी उतरला आणि कसा वागला, हे त्यावर लिहिलेले असे. पुढची नोकरी मिळायची ती हा दाखला दाखवूनच. म्हणून खारा वारा आणि पाणी लागू नये यासाठी तो पत्र्याच्या नळीत घालून जवळ बाळगीत. होता होता नळी हे दाखल्याचेच नाव पडले, आणि गोऱ्या साहेबांच्या कागदपत्रांतही तो शब्द जाऊन बसला. पुढे सुट्या दाखल्यांऐवजी पुस्तक मिळू लागले, तरी जहाजी लोक त्या पुस्तकाला नळीच म्हणत राहिले. आमची नळी घरी राहिली याचा अर्थ मी असा लावतो, की १९११च्या सफरीनंतर पणजोबा एकदा गावी आले आणि ही जुनी ठेवून गेले.

ते दोन शिक्के मात्र स्पष्ट होते. एक कामाबद्दलचा, एक वर्तणुकीबद्दलचा. दोन्हींत इंग्रजी दोन अक्षरे, 'व्हेरी गुड'ची. मी आत्याला अर्थ सांगितला.

"फार चांगला? दोनदा लिवलंय?"

"दोनदा. एकदा कामाला आणि एकदा वागणुकीला."

शंभर वर्षांत त्या माणसाबद्दल आमच्या घरात कोणी चांगला शब्द ऐकला नव्हता. आत्या काही बोलली नाही. तिने तो कागद चष्म्याजवळ धरून पुन्हा पाहिला. तिला वाचता येत नाही.

आता डोंगरातला कुणबी समुद्रावर गेला कसा? सातारा जिल्हा म्हटला की लोकांना शिपाईगडी आठवतो. अपशिंग्यासारख्या गावाने पहिल्या महायुद्धात आपले सेहेचाळीस जवान गमावले, त्याची नोंद आहे आणि ती योग्यच आहे. पण पाटण-जावळीच्या घाटमाथ्यावरचा गरीब माणूस पलटणीपेक्षा मुंबईला अधिक गेला. गिरणीत, बाजारात आणि गोदीत तो ओझी वाहू लागला. पुढे माथाडी कामगारांचे पुढारी झालेले अण्णासाहेब पाटील हे याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, हा काही योगायोग नव्हे. आमच्या खोऱ्यातून मुंबईची जुनी वाट सातारकडून नव्हतीच. हेळवाकावरून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला यायचे, गोवळकोटच्या बंदरातून होडीने खाडीच्या तोंडाशी दाभोळला आणि तिथून आगबोटीने मुंबई. म्हणजे मुंबईला पोहोचण्याआधीच माणसाने समुद्र पाहिलेला असे. गोदीत कोळशाच्या पाट्या वाहणाऱ्याला बोटीच्या आत कोळसा ओढायला बोलावले तर मधे एका फळीचे अंतर असे.

बोटीवरच्या देशी नोकरांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. शब्द आपल्या लश्करातलाच. त्यांची एक वेगळीच वतनदारी होती. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुकाणी, कोठारावर कसाब, स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपास. खाली इंजिनात निराळा सारंग आणि त्याच्या हाताखाली तेलवाले, आगवाले आणि सर्वांत तळाला कोयलावाले. आमचे पणजोबा कोयलावाले. बोटीच्या पोटातल्या कोठ्यांतून कोळसा उपसून भट्टीपाशी आणून टाकायचा, आगवाल्याने तो आत फेकायचा. चार तास काम, आठ तास विश्रांती आणि पुन्हा चार तास, असे रात्रंदिवस. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात त्या खोलीत काय होत असेल याची कल्पना उसाच्या गुऱ्हाळात चुलाण्यापाशी जाळ घालणाऱ्याला थोडीशी येईल, तीही पुरती नाही. गुऱ्हाळात निदान वर आभाळ असते.

पगार गोऱ्या खलाशाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. निजायला जागा किती द्यायची तेही कायद्यात लिहिलेले होते. १८९४च्या ब्रिटिश कायद्यात खलाशाला बहात्तर घनफूट, पण लास्कराच्या वाट्याला त्याहून कमीच येई. याच हिशेबाने पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश बोटींवर सुमारे ५०,००० हिंदी खलाशी होते. भरती व्हायची ती सारंगाच्या आणि दलालांच्या हातून, आणि हात ओला केल्यावाचून नाव लागत नसे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या मजुरांच्या शाही आयोगाच्या अहवालात या लाचलुचपतीची चर्चा आहे. म्हणजे आपल्या पणजोबांनी कोळसा ओढण्याची नोकरी मिळवण्यासाठी कर्ज काढले असणार, हे मला अहवाल वाचून समजले.

आता त्या बोटीच्या नावाकडे येतो, कारण इथे मी चांगलाच फसणार होतो. कागदावर नावाचा शेवट उरला होता तो 'रा' असा. मी अमेरिका शोधल्याच्या आनंदात जुन्या वर्तमानपत्रांत 'सातारा' हा शब्द धुंडाळू लागलो. हेतू असा की सातारचा खलाशी कुठे सापडतो का पाहावे. ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रे आता घरबसल्या वाचता येतात. तिथे सातारचा खलाशी नाही, साक्षात 'सातारा' नावाची आगबोटच सापडली! ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९०१ साली बांधलेली, पाच हजार टनांवरची मालाची बोट. या कंपनीला आपल्या बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची 'आ'कारान्त नावे देण्याची आवड होती. तिच्या बोटींत 'सांगोला'ही होती आणि 'कारंजा'ही. आमचा सातारा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सील रॉक्स नावाच्या ठिकाणी खडकावर आपटून बुडाला. माणसे सगळी वाचली. आजही तिथे पाणबुडे हौसेने ते जहाज पाहायला खाली उतरतात.

दोन दिवस मी हवेत होतो. सातारचा माणूस 'सातारा' बोटीवर! कादंबरीकाराला यापेक्षा काय हवे? आत्यालाही सांगून बसलो. तिसऱ्या दिवशी तारखा मांडल्या. 'सातारा' बुडाली १९१० च्या एप्रिलात आणि आमचा दाखला १९११ चा. बुडालेल्या बोटीवरून वर्षाने कोणी उतरत नाही. शिवाय 'रा'ने संपणाऱ्या बोटी त्या एकाच कंपनीत ढिगाने. आत्याला पुन्हा जाऊन सांगावे लागले. ती म्हणाली, "मग कशाला सांगितलंस?" इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावा.

ब्रिटिश बोटींवरच्या नोकरांच्या याद्या मात्र कायद्याने ठेवल्या जात, आणि त्यांचे नशीब विलक्षण आहे. १८६१ नंतरच्या याद्यांचा ढीग इतका झाला की एका देशाला तो सांभाळवेना. दहावा हिस्सा लंडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने ठेवला, पाचने संपणाऱ्या सालांच्या बहुतेक याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने घेतल्या, आणि उरलेल्यांतला मोठा भाग अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात गेला. आमच्या सुदैवाने १९१५ हे पाचने संपणारे साल आहे. त्या सालच्या याद्यांतली लाखो नावे स्वयंसेवकांनी एकेक करून वाचून काढली आणि ती आता कोणालाही शोधता येतात.

शोधता येतात, सापडतात असे नाही. यादी लिहिणारा कारकून इंग्रज किंवा पारशी किंवा गोवेकर; सांगणारा पाटणचा; मधे सारंग कोकणी मुसलमान. अशा तीन कानांतून गेलेल्या नावाचे काय होते? एका लक्ष्मणाचे लकमन होते, लक्सिमन होते, लुच्मन होते. आडनाव लिहिण्याची पद्धत नाही. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, झाले. जन्मगाव विचारले तर माणूस जिल्हा सांगे. 'सातारा' एवढेच लिहिलेले असले तर तो सातारा केवढा! सांगलीकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे, की वाळवा, तासगाव, खानापूर हे सारे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे तासगावच्या पणजोबांचा शोधही सातारा याच नावाखाली करायचा असतो.

आमची अडचण याहून साधी होती. पणजोबांचे नाव ठाऊक होते, ते आजोबांच्या नावामागे होतेच. पणजोबांच्या बापाचे नाव घरात कोणालाच येत नव्हते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावची जुनी दफ्तरे बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हते ते दिवस आले. त्या गर्दीत मीही एका मोडी जाणणाऱ्या निवृत्त गृहस्थांना धरले. कोतवाल बुकात आजोबांचा जन्म मिळाला, १९०८. बापाचे नाव बरोबर. एक जुना फेरफारही मिळाला. त्यात पणजोबांच्या नावापुढे 'आगबोटीवर गेला, ठावठिकाणा नाही' असा शेरा होता. आजोबांच्या वाट्याची जमीन त्यानंतर भावकीत कशी वळली ती कथा वेगळी आणि आमच्या घरात अजून ताजी आहे. पण खापरपणजोबांचे नाव त्यातही नव्हते.

ते सापडले हेळव्याकडे. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हेळवी सांगायला नको. सुगी झाली की पूर्वी तो बैलावर बसून, घंटा वाजवीत दारी येई. आता मोटारसायकलवर येतो. आपल्या घराण्याची वंशावळ त्याच्या चोपडीत असते. मूळ पुरुष कोण, कुठून आला, कोणाला मुलगे किती, हे तो अंगणात बसून एका सुरात म्हणून दाखवतो आणि धान्य, पैसे, लुगडे घेऊन जातो. शिकलेली माणसे त्याला भिक्षेकरी समजतात. माझे मत निराळे आहे. ज्या घरात कागदाचा तुकडा नाही त्या घराचा दफ्तरदार तोच. आमचा हेळवी गेल्या माघात आला. त्याने चोपडी उघडली आणि म्हणायला लागला. खापरपणजोबांचे नाव आले, पुढे त्यांचे दोन मुलगे आले. थोरल्याच्या नावापुढे 'मुंबईस गेला' आणि त्यानंतर चार बोटे कोरी जागा. ती जागा हेळव्याच्या आजाने सोडलेली होती.

बापाचे नाव हाती आल्यावर १९१५ च्या याद्यांत मी पुन्हा शिरलो. आमचा एक माजी विद्यार्थी परदेशात असतो, त्याने फार मदत केली. निरनिराळी शुद्धलेखने, किंवा अशुद्धलेखने म्हणा, घालून पाहता पाहता एका मालवाहू बोटीच्या यादीत एक नोंद लागली. स्वतःचे नाव मोडतोड होऊनही ओळखू येणारे, बापाचे नाव जवळजवळ बरोबर, वय तीस, जन्मस्थान सातारा, हुद्दा कोयलावाला. मुंबईत चढला, मुंबईतच उतरला. उतरल्याची तारीख ऑक्टोबर १९१५ ची.

'सातारा' बोटीने पोळलेला मी, लगेच विश्वास ठेवणार नव्हतो. मग ती अकरा कुपने ओळीने मांडली. मनीऑर्डरीच्या कुपनावर टपालाचा गोल शिक्का असतो, त्यात दिनांक असतो. बोट समुद्रात असताना मनीऑर्डर करता येत नाही. तेव्हा प्रत्येक कुपन म्हणजे माणूस जमिनीवर होता त्याची खूण, आणि दोन कुपनांमधले अंतर म्हणजे सफर. १९१५ च्या जानेवारीत एक कुपन आहे. त्यानंतर नऊ महिने काही नाही. पुढचे कुपन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले, वीस रुपयांचे, अकरांमध्ये सर्वांत मोठे. यादीत चढल्याची तारीख फेब्रुवारीची होती. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होती. पगार हातात पडताच दिवाळीसाठी पाठवलेले ते पैसे. कुपनाच्या मागे कोणा लेखनिकाने मोडीत एकच ओळ लिहिली आहे: मुलास अंगरखा करणे.

तो मुलगा म्हणजे माझे आजोबा, तेव्हा सात वर्षांचे.

युद्ध चालू होते. त्या युद्धात ३,४०० हून अधिक हिंदी खलाशी मरण पावले आणि सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत गेले, असा आकडा इतिहासकार देतात. १९१५ च्या डिसेंबरात 'पर्शिया' ही मुंबईला येणारी बोट भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडाली. १९१७ च्या जूनमध्ये 'मंगोलिया' तर मुंबईच्या तोंडाशीच, जर्मनांनी पेरून ठेवलेल्या सुरुंगावर जाऊन फुटली. तेव्हा आमचाही माणूस असाच गेला असेल, या समजुतीने मी मुंबईला गेलो. मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, गोदामांच्या आणि मालट्रकांच्या गर्दीत खलाशांचे जुने वसतिगृह आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांवर खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नावांची यादीही मुंबईत आहे. तिचीच जोड प्रत चितगावला. मुंबईच्या लोकांना हे स्मारक ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटले. पण मला तरी नळी सापडेपर्यंत कुठे ठाऊक होते?

पणजोबांचे नाव तिथे नाही. त्यांच्या नावाचे तिघे आहेत, तिघांचे बाप वेगळे.

परत येताना गाडीत मी कुपने पुन्हा काढली. एवढी मोठी यादी पाहून आलो आणि साधी गोष्ट पाहायची राहिली होती. शेवटचे कुपन केव्हाचे? ऑगस्ट १९१८. शिक्का मुंबईतल्या मांडवीचा. म्हणजे चार वर्षांचे युद्ध संपत आले तेव्हा माणूस जिवंत होता आणि मुंबईत जमिनीवर होता.

१९१८ म्हटले की आपल्या आजीपणजीला एकच आठवे, तापाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत उतरली. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने आजारी म्हणून दवाखान्यात आले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत एकेका दिवशी सातशेच्यावर माणसे मेली. देशभरात एक कोटीच्यावर गेली. मांडवी, मशीद, डोंगरी या भागांत एकेका खोलीत बोट मिळण्याची वाट बघत दहा-पंधरा खलाशी राहत. तिथे तिशी उलटलेला, फुप्फुसात कोळसा भरलेला एक कोयलावाला. मला दुसरे काही संभवनीय वाटत नाही. पुरावा म्हणाल तर एक कुपन आणि त्यापुढची शांतता. पण याच माणसाने त्याआधीच्या सात वर्षांत जमिनीवर पाय ठेवला की पैसे पाठवले आहेत. तो एकाएकी मडम करून राहिला असे मानण्यापेक्षा हे मानणे मला न्यायाचे वाटते.

मग कोणी चौकशीला मुंबईला का गेले नाही? हे आत्यानेच सांगितले. पणजीचा एकुलता दीर, हेळव्याच्या चोपडीतला धाकटा, त्याच साथीत गावी गेला. घरात राहिली पणजी आणि दहा वर्षांचा पोर. घाट उतरून मुंबईला जायचे कोणी?

मी पंचांग काढून पाहिले. १९१८ साली सर्वपित्री अमावस्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती, मुंबईत साथ शिगेला पोहोचली होती त्याच दिवसांत. आत्याला मी एवढेच सांगितले की तिथी नक्की कळत नाही, पण ही धरायला हरकत दिसत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बुडाला न्हाई म्हंजे."

"नाही. बुडाले नाहीत."

"आन् मडम?"

"मडमबिडम काही नाही आत्या. मांडवीला होते."

"आजीला सांगायला पायजे हुतं," ती म्हणाली.

या भाद्रपदात आमच्या घरात पहिल्यांदा त्यांच्या नावाने पान वाढले. त्याआधी, आषाढात, सांगलीकडच्या पुतण्याला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे केले. नाव सांगण्याचा मान आत्याचा. पाळण्याशी तिला खुर्चीवर बसवले. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि नाव सांगितले. ते कानात सांगायचे असते. पण तिला स्वतःला कमी ऐकू येते, त्यामुळे ते सगळ्या घराला ऐकू गेले.

हेळवी माघात येईल तेव्हा त्याच्या चोपडीतल्या चार बोटे जागेत काय लिहायचे ते मी कागदावर तयार करून ठेवले आहे: आगबोटीवर कोयलावाला, काम फार चांगले, वर्तणूक फार चांगली, मुंबईत वारले असावेत. हेळव्याला 'असावेत' चालते की नाही ते विचारावे लागेल.

परवा दिवाळीच्या तयारीत रांगोळीचे डबे काढताना सुनेने आत्याला विचारले, यंदा त्या पाटाचे काय करायचे.

"मांडायचा," आत्या म्हणाली. "बाळाला मांडीवर घिऊन त्याची आई बसंल त्यावर. पानी जरा कोमट घाला."